आधी कुणी हात लावला?

आमच्या व्हॅनच्या डॅशबोर्डावर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा आहे. गाडीतल्या बाकीच्या वस्तू, म्हणजे हॉर्न, वायपर, काच खाली करायचं हँडल, आपापल्या मर्जीनं चालतात. हा दिवा मात्र कर्तव्यदक्ष. किल्ली फिरवली की लागतो आणि घरी पोचेपर्यंत तेवत राहतो. आईला पहिल्यांदा दाखवला तेव्हा तिनं सवयीनं हात जोडले. "मालवू नको रे," म्हणाली, "लागलेला दिवा आहे." पुढे शहरातल्या निम्म्या मेकॅनिकांनी तो मालवायचा प्रयत्न केला, पण आईच्या शब्दाला काही धक्का लागला नाही.

गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. दरवाजा सरकवून उघडतो, आणि हिंदी सिनेमात कुणाला भररस्त्यातून पळवायचं असलं की खलनायक हीच गाडी पाठवत, एवढं पुरे. १९८४ साली ती रस्त्यावर आली आणि २०१९ साली कारखान्यातून निघायची बंद झाली. आमची सीजी ०४ पासिंगची, पंधरा वर्षं पुरी करत आलेली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, आणि इंजिन पुढच्या सीटच्या खाली. रायपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा वरून सूर्य, खालून इंजिन आणि मध्ये आम्ही नवरा-बायको. दोन्हीकडून खरपूस भाजले जातो.

त्यातून इंजिन बघायचं म्हणजे बॉनेट उघडून चालत नाही. आधी सीटवरचा माणूस उठवायचा, मग सीट उलथायची. त्यामुळे आमच्या गाडीचं कुठलंही दुखणं खाजगी राहत नाही. दुसऱ्यांच्या गाड्या बिघडल्या तर त्यांच्या बायका आत बसून मोबाइल बघतात. आमची ही पर्स छातीशी धरून, हातात खोबऱ्याची पिशवी घेऊन रस्त्यावर उभी असते आणि येणारे-जाणारे तिला विचारतात, "क्या हो गया भाभीजी?" त्यानंतर भाभीजी जे माझ्याकडे बघतात, त्याला कुठलाही स्कॅनर लागत नाही.

आम्ही तात्यापाऱ्यातले. आजोबा नागपूरहून इथे आले, वडिलांची नोकरी इथेच झाली, आणि आता आम्ही घरात मराठी बोलतो, बाजारात हिंदी आणि भांडताना दोन्ही. हिचा रुखवताचा आणि दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय आहे. मी निवृत्त, म्हणजे तिचा बिनपगारी ड्रायव्हर. माल घ्यायचा तो गोल बाजारात. जन्मापासून मरणापर्यंत लागणारं सगळं गोल बाजारात मिळतं असं रायपूरकर छाती फुगवून सांगतात, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. बाळंतिणीचा डिंक, लग्नाच्या टोपल्या आणि सुपं, राख्या, मसाले, काशाची भांडी, पूजेचं सामान आणि शेवटच्या प्रवासाचंही. मिळत नाहीत फक्त दोन गोष्टी: गाडी लावायला जागा आणि ऑक्सिजन सेन्सर.

नेमकी दोन्हींची गरज आम्हाला एकदमच पडली. व्हॅन मालवीय रोडवरून आत वळली, दोन आचके दिले आणि मधोमध बसली. मागे ई-रिक्षा, पुढे हातगाडी, शेजारी गाय. सीट उलथली. आणि गोल बाजार निदानाला बसला.

तिथे माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ज्याच्या दुकानात जे आहे, तेच गाडीला हवं असतं. जडीबुटीवाला म्हणाला, "अंदर कचरा जमा है भैया. पेट साफ होना चाहिए." गाडीचं की माझं, हे त्यानं स्पष्ट केलं नाही. पूजेच्या दुकानदारानं पेट्रोलच्या टाकीत कापूर टाकायला सांगितला आणि बंपरला लिंबू-मिरची. कापूर किती टाकायचा, तर "एक पैकेट से शुरू करो." दोरखंडवाल्याला तर काही विचारायची गरजच वाटली नाही. तो मीटर टाकून दोर मोजायला लागला होता. सुपं विकणाऱ्या एका म्हातारीनं मायेनं सांगितलं, "गरमा गे हे बेटा, सूपा ले हवा दे." हिनं तेवढ्यात सुपाचा भाव विचारला.

आणि एक भांडीवाला. दुकानाच्या पायरीवर बसून काशाच्या वाट्या बोटानं टणटण वाजवून बघत होता. मान वर न करता म्हणाला, "आपकी गाड़ी फूटी है."

"फूटी?"

"बोल रही है ना. फूटा बर्तन ऐसे ही बोलता है."

सगळे हसले. भांडीवाल्याला भांडंच दिसणार! जडीबुटीवाला सगळ्यात मोठ्यानं हसला.

बाजारामागच्या गल्लीत एक उस्ताद होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, सीटखाली वाकून पाहिलं, सरळ झाले आणि मेलेल्या माणसाच्या नातेवाइकांशी बोलावं तशा आवाजात विचारलं, "पहले किसने हाथ लगाया था?"

हा प्रश्न मी पुढे इतक्यांदा ऐकला की माझी खात्री पटली, या धंद्यातला पहिला धडा हाच असणार. पाना धरायला नंतर शिकवतात. गाडीत दोष नसतोच; दोष आधीच्या मेकॅनिकात असतो. तुम्ही म्हणावं की कुणीच हात लावलेला नाही, तर उस्ताद तुमच्याकडे असे बघतात की आपणच रात्री चोरून काहीतरी केलं असावं असं वाटायला लागतं. शेवटी मी एका काल्पनिक मेकॅनिकचं वर्णन केलं. भिलाईचा, मिशीवाला. उस्तादांनी मान डोलावली. "जानता हूँ उसको. सब गाड़ी खराब करता है."

मग त्यांनी बॅटरीची एक तार काढली, चहा मागवला, तो सावकाश प्यायला आणि तार परत लावली. दिवा गेला! बिलावर लिहिलं होतं: चेकिंग, क्लीनिंग, सेटिंग. माधवराव सप्र्यांनी टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं. आमच्या रायपुरात त्यांच्या नावाची शाळा आहे. मी आपला 'सेटिंग' म्हणजे काय ते मराठीत हिला समजावत होतो, आणि मला वाटतं सप्र्यांचं काम सोपं असावं. "म्हणजे चहा प्यायले त्याचे पैसे," ही म्हणाली.

तेलीबांधा तलावापर्यंत गेलो तोवर दिवा परत लागला होता. तार काढली की गाडीचा संगणक मागचं सगळं विसरतो, आणि थोडं चालवलं की दुखणं त्याला पुन्हा सापडतं. गाडीतला रेडिओसुद्धा आपली स्टेशनं विसरला होता. ती मात्र त्याला परत सापडली नाहीत.

पुढचा मेकॅनिक आधुनिक होता. वय विशीचं, कानात इअरफोन. त्यानं स्टीअरिंगखाली एक डबी खुपसली, मोबाइलकडे पाहिलं आणि निकाल दिला, "पी-०१७१. ऑक्सिजन सेंसर गया अंकल."

त्या रात्री मी ऑक्सिजन सेन्सरवर मिळेल ते सगळं वाचून काढलं. निवृत्त माणसाच्या हाती नवं ज्ञान लागलं की घरच्यांचे हाल होतात. दुसऱ्या दिवशी चहाच्या टेबलावर मी सांगत होतो: धुराच्या नळीवर बसवलेली बोटाएवढी वस्तू, पोटात झिर्कोनियाची चिनीमाती, तिच्यावर प्लॅटिनमचा मुलामा. जर्मनीच्या बॉशनं बनवली आणि १९७६ साली अमेरिकेत जाणाऱ्या व्होल्व्हो गाड्यांत पहिल्यांदा बसवली. काम काय, तर धुरात ऑक्सिजन किती उरला ते हुंगून सांगायचं. पेट्रोलच्या एका भागाला वजनानं १४.७ भाग हवा, हे प्रमाण राखायचं असतं.

"मग आपल्याकडे काय बिघडलंय?" हिनं विचारलं.

तिला समजावं म्हणून मी पंगतीवर आलो. पंगतीत कोपऱ्यात एक काका बसलेले असतात बघ. त्यांचं काम एकच, आमटी चाखायची आणि आत ओरडायचं, 'मीठ कमी!', 'मीठ जास्त!' आचारी त्यांचं ऐकून हात सैल किंवा आखडता करतो. गाडीचा संगणक म्हणजे आचारी आणि हा सेन्सर म्हणजे काका. हवा जास्त झाली तर काका ०.१ व्होल्टच्या आसपास कुजबुजतात, पेट्रोल जास्त झालं तर ०.९ पर्यंत आवाज चढवतात. गाडी नीट असली तर ही कमी-जास्तची हाकाटी सारखी चालू. फक्त ३०० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय काका तोंड उघडत नाहीत.

"आणि आता काका काय म्हणतायत?"

"हवा जास्त."

"मग काकांना का बदलायचं? हवा का जास्त झाली ते बघा ना."

बायका असं मधेच बोलतात, आणि त्यामुळे तांत्रिक विषय नीट समजावता येत नाहीत. मी तिला सांगितलं की मुलाकडे मशीन आहे. मशीननं सांगितलंय. खरं म्हणजे पी-०१७१ या आकड्याचा अर्थ 'पेट्रोलच्या मानानं हवा जास्त' एवढाच असतो. सेन्सर बिघडला असं तो कुठेच म्हणत नाही. पण बातमी आणणाऱ्याला बदलणं नेहमीच सोपं असतं. रोग रेड्याला अन् औषध पखालीला, आणि पखालही तीन भावांत: ओरिजिनल, ओरिजिनल जैसा, और चलने वाला. आम्ही मध्यममार्गी माणसं. 'ओरिजिनल जैसा' घेतला.

काही दिवस तो ओरिजिनलसारखा चालला. मग दिवा लागला.

तिसऱ्या मेकॅनिकनं नवा सेन्सर काढून प्रकाशात धरला. टोकावर पांढरट थर. "किसने हाथ लगाया था?" मी आता तयार होतो, मिशीवाला भिलाईचा लगेच पुढे केला. यांनी त्याला ओळखलं नाही, पण निषेध केला. मग समजावलं की त्या गाढवानं जोडावर सिलिकॉन फासलं आहे, सिलिकॉनची वाफ सेन्सरला विष असते, त्यानं सेन्सर मरतो. हे शंभर टक्के खरं आहे, मी वाचलं होतं. मला आनंद झाला. इतक्या दिवसांत पहिला जाणकार भेटला! मग त्या जाणकारानं खिशातून सिलिकॉनची ट्यूब काढली आणि त्याच जोडावर आणखी एक जाड थर दिला. "अब लीक नहीं होगा."

"पण तुम्ही आत्ताच म्हणालात की..."

"वो लोकल वाला था. ये अच्छा वाला है."

सेन्सरचं काय? तो त्यांनी नळीत परत बसवलाच नाही. तारेसकट बाहेर काढला आणि गाडीच्या पोटाला बांधून टाकला. "लटका रहने दो. कंपनी वालों का चक्कर है सब. पहले की गाड़ी में कहाँ था सेंसर?" मुद्दा बिनतोड होता. पूर्वीच्या गाडीत पट्टाही नव्हता आणि पूर्वीच्या रस्त्यात खड्डेही मोजके होते.

तर काका पंगतीतून उठून अंगणात बसले. तिथे आमटी नाही, नुसती हवा. काका बिचारे प्रामाणिक, ओरडत राहिले, 'हवा जास्त! हवा जास्त!' आत आचारी घाबरला आणि पेट्रोल ओतत सुटला. व्हॅन काळा धूर सोडायला लागली. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काजळी आमच्या गच्चीवर रोज उतरते. चटईवर पापड वाळत घातले की संध्याकाळी मिरपुडीचे वाटतात. त्यात आता आमची भर. जयस्तंभ चौकात सिग्नलला थांबलो की मागचे स्कूटरवाले रुमाल बांधायला लागायचे. पेट्रोल पंपावरचा मुलगा आम्हाला लांबूनच ओळखायला लागला. हिनं फराळाच्या हिशेबात पेट्रोलचा रकाना वेगळा केला, आणि तो चकलीच्या रकान्यापेक्षा लांब झाला.

दिवा अर्थातच चालू होता.

मग एका नातेवाइकांनी, त्यांचं नातं मुद्दाम सांगत नाही, आम्हाला त्यांच्या 'खास' माणसाकडे पाठवलं. प्रत्येक कुटुंबात एकाचा तरी खास मेकॅनिक असतो, आणि त्या नातेवाइकाची स्वतःची गाडी कायम गॅरेजात असते. या खास माणसानं काही विचारलं नाही. हातसुद्धा कुणी लावला होता ते विचारलं नाही! मी भारावलो. त्यानं डॅशबोर्ड उघडला, आतून एक बल्ब काढून खिशात टाकला आणि म्हणाला, "अब नहीं जलेगी."

आणि नाही जळली. आजवरच्या सगळ्या मेकॅनिकांत दिलेला शब्द पाळणारा हा एकटा. पुढचे काही आठवडे आमच्या आयुष्यातले सुखाचे. धूर होता, आचके होते, पेट्रोलचा रकाना होता. पण दिवा नव्हता. गाडीत बसलं की समोर सगळं कसं शांत. आईनं एकदा डोकावून विचारलं, "मालवलास वाटतं?" आणि गप्प बसली. तिच्या गप्प बसण्याला मी तेव्हा महत्त्व दिलं नाही.

पंधरा वर्षं झाली की खाजगी गाडीची नोंदणी नव्यानं करून घ्यावी लागते, आणि त्याआधी गाडी दाखवावी लागते. निरीक्षकांनी किल्ली फिरवली, डॅशबोर्डाकडे पाहिलं. "इंजन वाली लाइट कहाँ है?"

"साहेब, जळतच नाही!" मी अभिमानानं सांगितलं.

"जलनी चाहिए. चाबी घुमाओ तो जलेगी, गाड़ी स्टार्ट करो तो बुझेगी. लगवा के लाइए."

म्हणजे इतके दिवस आम्ही दिवा लागू नये म्हणून पैसे देत होतो, आणि आता लागावा म्हणून द्यायचे. खास माणसाकडे गेलो. त्यानं बल्ब लावायचे पैसे सांगितले, काढायच्या दुप्पट.

"अरे, पण बल्ब आमचाच आहे ना? तुझ्या खिशात होता."

"वो तो दूसरी गाड़ी में लगा दिया अंकल. उनकी पासिंग थी."

असो. दिवा आला, म्हणजे लागला, म्हणजे विझेना. तारीख पुढची घेतली. दरम्यान दिवाळी तोंडावर, हिच्या ऑर्डरी, आणि आम्ही परत गोल बाजारात. गाडी जुन्या जागीच बसली. जनावराला आपला गोठा कळतो. सीट उलथली. जडीबुटीवाल्यानं ओळख दाखवली. दोरवाल्यानं या वेळी दोर आधीच कापून ठेवला होता असा मला संशय आहे.

भांडीवाला मात्र पायरीवरून उठला. हातात एक लाकडी चाटू होता, पितळी परातीला ठोकायचा. मागच्या गल्लीतल्या उस्तादांच्या छोटूला त्यानं हाक मारली, गाडी सुरू करायला लावली आणि सीटखाली कान नेला. "चुप," तो गोल बाजाराला म्हणाला. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात! आणि खरंच आसपासची चार दुकानं क्षणभर गप्प झाली.

फुस. फुस. फुस.

"यहाँ," तो म्हणाला आणि चाटूचं टोक इंजिनातून धुराची नळी निघते त्या जोडावर टेकवलं. छोटूनं हात नेला आणि चटका बसून मागे घेतला. जोडावरची गॅसकेट एका कडेनं जळून फाटली होती, केसाएवढी फट. दोन सिलिकॉनच्या थरांखाली ती सुखानं नांदत होती. धूर ठोक्याठोक्यानं बाहेर पडतो, आणि दोन ठोक्यांच्या मधे ती फट बाहेरची हवा आत ओढते. पुढे बसलेल्या काकांना ती हवा लागते आणि ते ओरडतात. जुने काकाही खरं बोलत होते, नवे काकाही खरंच बोलत होते.

ही काही बोलली नाही. पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली, बस.

छोटूनं गॅसकेट बदलली; ती किमतीला एवढी क्षुल्लक होती की सांगायची लाज वाटते. 'ओरिजिनल'च सेन्सर आणून जागेवर बसवला. किल्ली फिरवली, दिवा लागला. गाडी सुरू केली, दिवा गेला. उस्ताद गल्लीतून हात पुसत आले आणि गर्दीकडे वळून म्हणाले, "मैंने तो पहले दिन ही बोला था. सेटिंग का मामला है." स्कॅनरवाल्या मुलाला नंतर भेटलो तर त्याचंही म्हणणं, मशीननं हवाच सांगितली होती ना अंकल? जडीबुटीवाल्याच्या मते नळी म्हणजे पोटच.

मी भांडीवाल्याला पैसे द्यायला गेलो. त्यानं हात हलवला. "कान के पैसे नहीं लेते." पण डोळा हिच्या पायाशी ठेवलेल्या पातेल्यावर होता. चिवड्यासाठी घेतलेलं, जाड बुडाचं, बाजारातल्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून, घासाघीस करून. त्यानं ते उचललं, कडेला धरून अधांतरी टांगलं, बोटानं एक टिचकी मारली आणि कान लावला. मग मान हलवत हिच्याकडे बघितलं.

"भाभीजी," तो म्हणाला, "ये किसने दिया आपको?"